श्वासाचे मोल

हवा फुकट मिळते, असे आपण म्हणतो. पण पाण्याखाली गेले की तिचीही किंमत मोजावी लागते. आणि ती पैशांत नव्हे, श्रमांत.

फ्रान्समध्ये १९४३ साली कूस्तो आणि गान्यां यांनी, श्वास ओढताच हवा देणारी झडप सिद्ध केली आणि पाणबुड्या मोकळा झाला. परंतु ३० मीटर खोलीवर तीच हवा चौपट दाट होते. ओढायला जड, सोडायलाही जड. थकलेल्या माणसाचा श्वास अपुरा पडतो, कार्बन डायऑक्साइड अंगात साठतो, जीव घाबरतो, बुद्धी काम देईनाशी होते. टाकीत हवा शिल्लक असूनही घात होतो तो असा.

म्हणून युरोपच्या ‘ईएन २५०’ या मानकाने मर्यादा घातली आहे : ५० मीटर खोलीच्या दाबाखाली, मिनिटाला ६२.५ लिटर हवा घेताना, लिटरमागे ३ जूलपेक्षा अधिक श्रम पडू नयेत. ३ जूल म्हणजे सुमारे ३०० ग्रॅमचे वजन मीटरभर उचलणे.

आमच्या अण्णांना दमा होता. विहिरीतून पोहरा ओढावा तसा ते एकेक श्वास ओढीत. त्यामुळे हा आकडा मला रुक्ष वाटला नाही. कुणा अनोळखी माणसाच्या श्वासाला किती कष्ट पडावेत, याचा हिशेब कुणीतरी आधीच मांडून ठेवला आहे!

यंदा आमचा धाकटा मालवणच्या समुद्रात उतरायचे म्हणतो. त्याची आई म्हणते, “जपून रे बाबा.” मी म्हणालो, “त्या झडपेची तपासणी कधी झाली, ते आधी विचार.”

दोघांचे म्हणणे एकच.