ब्राउन्सव्हिलचा पूल

चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहराजवळ राहतात. उन्हाळ्यात आम्हा उभयतांचे तिकडे जाणे झाले. धबधबे पाहिले, समुद्र पाहिला, गुलाबांची बाग पाहिली. त्यांची वर्णने वाचकांनी इतरत्र वाचली असतील. आम्हाला सांगायचे आहे ते एका लहानशा गावाविषयी आणि ज्या चित्रपटापायी आम्ही तिथे गेलो त्याविषयी.

चित्रपटाचे नाव 'स्टँड बाय मी'. साल १९८६, दिग्दर्शक रॉब रायनर. एका शनिवारी रात्री आमच्या बारा वर्षांच्या नातवाने तो लावला, तेव्हा आम्ही नाखुशीनेच बसलो. स्टीफन किंग या भयकथा लिहिणाऱ्या लेखकाच्या कथेवरचा चित्रपट, त्यात चार पोरे एका मुलाचे प्रेत शोधायला निघतात, एवढे कळल्यावर नातवाच्या आजी उठून भांडी आवरायला गेल्या. थोड्या वेळाने हात पुसत परत आल्या, त्या संपेपर्यंत हलल्या नाहीत.

कथा १९५९ सालची. अमेरिकेत सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी कामगार दिनाची सुट्टी असते. तिच्या अगोदरच्या शनिवार-रविवारी, उन्हाळा सरता सरता, गॉर्डी, क्रिस, टेडी आणि व्हर्न हे चार मित्र रेल्वेच्या रुळांवरून पायी निघतात. व्हर्नने पैशांची बरणी पुरून ठेवलेली असते आणि आता ती त्यालाच सापडत नसते. ती शोधत ओट्याखाली उकरत असताना थोरल्या भावाच्या तोंडून तो ऐकतो की, गाडीने उडवलेल्या एका मुलाचे प्रेत जंगलात पडले आहे. झाले, स्वारी निघाली. वाटेत भंगारवाल्याचा कुत्रा, अंगभर जळवा, आणि उंच पुलाच्या मध्यावर मागून येणारी आगगाडी! त्या वेळी आम्ही खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. (आईवडिलांसाठी सूचना: पोरांच्या तोंडी शिव्या आहेत, सिगारेटी आहेत. मुलांबरोबर बसूनच पाहावा.)

पण आमच्या मनात रुतला तो क्रिस. बाप दारुडा, भाऊ गुंड. हे घराणेच वाईट असे गावाने ठरवून टाकलेले. शाळेत दुधासाठी जमवलेले पैसे नाहीसे होतात. ते क्रिसनेच घेतलेले असतात, हे खरे. पण जंगलातल्या मुक्कामात रात्री तो गॉर्डीला सांगतो की, आपण ते बाईंना परत नेऊन दिले होते. तरी शाळेने त्याला तीन दिवस घरी बसवले, आणि पुढे बाई नवा स्कर्ट घालून वर्गात आल्या. बाईंविरुद्ध त्या घरच्या पोराचे कोण ऐकणार? जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी निघून जावे, असे म्हणत ते पोर रडते.

क्रिस गोरा, त्याला आपल्यासारखी जात नाही. तरी आम्हा दोघांना ते रडणे परके वाटले नाही. वर्गात खडू हरवला तरी नजर आधी कोणत्या बाकाकडे वळायची, हे आमच्या पिढीला सांगावे लागत नाही. खेडे सोडा, शहराकडे चला, असे बाबासाहेब उगाच सांगत नव्हते.

पुढच्या रविवारी चिरंजीवांनी गाडी काढली. दक्षिणेकडे दीडेक तासाचा रस्ता. दोन्ही बाजूंना पिवळीधमक शेते दिसली, ती गव्हाची असावीत असे वाटले. पण हा भाग गवताच्या बियाण्यासाठी प्रसिद्ध आहे म्हणे. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, आपल्या उलट.

ब्राउन्सव्हिल हे दोन हजारांच्या आतल्या वस्तीचे गाव. १९८५ च्या उन्हाळ्यात इथे चित्रीकरण झाले, आणि गाव अजून २३ जुलैला त्या चित्रपटाचा दिवस पाळते. आगगाडीचा तो उंच पूल मात्र इथला नव्हे, तो खाली कॅलिफोर्नियात, हे कळल्यावर नातवाचे तोंड एवढेसे झाले. जुन्या रेल्वे स्थानकात संग्रहालय आहे. बैलगाड्यांतून आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांचे तिथे मोठे कौतुक. गावातून वाहणाऱ्या नदीला ज्यांचे नाव आहे, ते कालापूया लोक मात्र १८५५ च्या तहानंतर राखीव प्रदेशात हलवले गेले. याच ऑरेगनने १८५७ च्या राज्यघटनेत काळ्या लोकांना राज्यात येऊन राहायला मनाई केली होती. ते कलम मतदारांनी काढले ते १९२६ साली.

परतताना चारही पोरे जो पूल ओलांडून गावात येतात, त्यावर आम्ही बराच वेळ उभे राहिलो. क्रिसचे काम करणारा रिव्हर फिनिक्स याच राज्यातल्या मद्रास नावाच्या गावी १९७० साली जन्मला. ऑरेगनात मद्रास! आजी हसल्या. तो १९९३ साली, तेविसाव्या वर्षी गेला, हे ऐकल्यावर हसू थांबले.

तिथे चिरंजीवांनी एक गोष्ट सांगितली, जी आम्हाला एवढ्या वर्षांत सांगितली नव्हती. इकडे आल्यावर एका आपल्याकडच्या घरी जेवायला बोलावणे होते. यजमानांनी आडनाव विचारले, मग गाव, मग गावात घर कोणत्या बाजूला. उत्तर मिळाल्यावर जेवण झाले. पुन्हा बोलावणे आले नाही.

"मग बाबा, तुम्ही काय केलंत?" नातवाने विचारले.

"डबा घेऊन कामावर गेलो," चिरंजीव म्हणाले. मग तेच म्हणाले की, इथून उत्तरेला असलेल्या सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली, असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. त्या दिवशी त्यांनी घरी खीर करायला सांगितली होती. आम्हाला फोनवर खीर कळली होती, कारण कळले नव्हते.

चित्रपटातला क्रिस पुढे नेटाने शिकतो आणि वकील होतो. एका हॉटेलात दोघांचे भांडण सोडवायला जातो आणि सुरा लागून मरतो.

व्हर्नला रस्त्यात जसे नाणे सापडते, तसे एक नाणे गावकऱ्यांनी डांबरात बसवून ठेवले आहे. ते शोधायला नातू पुढे पळाला, आणि मध्येच थांबून मागे ओरडला, "आबा, त्या बाईंनी दुधाचे पैसे कधी परत केले का?"

"नाही रे," आजी म्हणाल्या, "तू नाणे शोध."