रस्त्याकडे तोंड केलेला वाडा

पुणेरी वाडा म्हटला की दगडी भिंत, दिंडी दरवाजा आणि आतल्या चौकाभोवती चालणारा संसार डोळ्यांपुढे येतो. १७३२ च्या शनिवारवाड्याने तर तट, बुरूज आणि दारावरच्या अणकुचीदार खिळ्यांनी स्वतःला शहरापासून वेगळेच ठेवले. बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा मात्र या चौकटीत बसत नाही. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये उभारलेल्या या वाड्याला तट नाही. वरच्या मजल्याचा सागवानी सज्जा सरळ रस्त्यावर आला आहे. त्याचे सुरूच्या घाटाचे खांब तळाशी भरदार असून वर निमुळते होत जातात. महिरपींना केळफुले लोंबतात, आणि उन्हे तिरपी झाली की त्या कोरीव कामाला खोली येते. हे सारे काम घरात बसणाऱ्यापेक्षा खाली उभ्या असलेल्या माणसाला नीट दिसते. पेशवाईतला हा राजवाडा शहराशी बोलण्यासाठी बांधला आहे, असे मला वाटते.

यावर आक्षेप ठरलेला आहे: १८०२ च्या वसईच्या तहानंतर पेशव्याचे रक्षण इंग्रजी फौजेकडे गेले, मग तट हवा कशाला? हा मोकळेपणा दुबळेपणाचा आणि विलासाचा. आक्षेपात तथ्य आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण बांधणाऱ्याचा हेतू आणि वास्तूचे पुढचे आयुष्य या दोन गोष्टी वेगळ्या. १८२१ मध्ये येथे संस्कृत पाठशाळा भरू लागली, पुढे नगरपालिकेची कचेरीही आली. चौकांभोवतीच्या दालनांनी शिकणारे आणि अर्ज घेऊन येणारे, सगळ्यांना सामावून घेतले. सरकारजमा झालेली कुठलीही इमारत अशीच वापरली गेली असती, असे कोणी म्हणेल. पण सरकारजमा तर शनिवारवाडाही झाला होता. १८२८ च्या आगीत त्याचे महाल गेले ते गेलेच, तट तेवढा उरला. विश्रामबागवाड्याचा मोठा भाग १८७९ मध्ये जळाला, आणि तो पुन्हा उभा राहिला. अर्धशतकाहून अधिक काळ लोकांचा राबता असलेली वास्तू होती ती. हा निव्वळ योगायोग नव्हे.

म्हणून डागडुजी करताना रंगरंगोटीआधी लाकडाला ओल लागते कुठे ते पाहावे, आणि काम संपल्यावर दालनांना कुलूप लावू नये. तिथे वाचनालय चालवा, वर्ग भरवा, पण वाडा रोजच्या वापरात ठेवा.