कविता आपली केव्हा होते?

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानावरचा गृहस्थ एखाद्या पदार्थाची कितीही तारीफ करो, तो पदार्थ आपल्या जिभेला रुचेलच असे नाही. जेवणाच्या बाबतीत हे आपण सहज मान्य करतो. कवितेच्या बाबतीत मात्र दुसऱ्याच्या जिभेवर विसंबून राहतो. शाळेत कविता भेटते ती संदर्भासह स्पष्टीकरण आणि रसग्रहण यांच्या सोबतीने. ती सुंदर आहे, हे उत्तरपत्रिकेत लिहावेच लागते. ती तुला आवडली का, हे सहसा कोणी विचारीत नाही. पुढे शिक्षकांची जागा समीक्षक घेतात. या दोघांचेही ऋण आम्ही मानतो, कारण त्यांच्यावाचून कितीतरी कवींची नावेही आमच्या कानी पडली नसती. परंतु नाव कानी पडणे निराळे आणि कवितेने मनात घर करणे निराळे.

बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेची कथा या संदर्भात आम्हांस फार बोलकी वाटते. १८८० साली जळगावनजीकच्या आसोदे गावी जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर बसल्या असता, शेतात राबत असता, त्या आपल्या खानदेशी बोलीत ओव्या रचीत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि मावसबंधू यांनी त्यांतल्या काही वेळोवेळी टिपून ठेवल्या. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्रे यांना दाखविले आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. अत्र्यांपुढे ती कविता आली तेव्हा तिच्यामागे ना पदवी होती, ना कीर्ती, ना प्रमाण भाषा. तिचे सोने त्यांनी स्वतःच्याच कसोटीवर पारखले. मात्र त्याआधी घरातल्या माणसांना ती जपावीशी वाटली होती, हेही विसरता कामा नये. त्यांनी ती टिपलीच नसती, तर अत्र्यांनी पारखावयाचे काय?

या कवितेची थोरवी आम्हांस पुस्तकांनी सांगितली होती. ती आमची झाली ती मात्र वडिलांच्या आजारपणात. वडिलांचा सारा जन्म वसईच्या वाडीत, केळी आणि पानवेलींच्या संगतीत गेला. अखेरच्या महिन्यांत डोळ्यांनी साथ सोडली, तेव्हा आम्ही त्यांना रोज थोडे वाचून दाखवीत असू. मोठमोठ्या कवींच्या मरणावरील आणि विरहावरील कविता वाचल्या. ते मुकाट्याने ऐकत आणि कुशीवर वळत. एके दिवशी बहिणाबाईंची मोटेवरची कविता वाचली. त्यांनी मान उचलली आणि म्हणाले, "ते परत वाच." आमच्याकडे मोट नव्हे, रहाट, बोली खानदेशी नव्हे, आमची घरगुती. तरीही विहिरीतून वर येणारे पाणी त्यांना ओळखीचे वाटले असावे. त्यानंतर ते गेले त्या आठवड्यापर्यंत रोज तीच कविता. आजही ती वाचू लागलो की आमचा आवाज आपोआप खाली येतो. हे कोणत्याही रसग्रहणात बसत नाही. पण आवड म्हणतात ती याहून वेगळी नसावी.

आवड असणे म्हणजे सारेच आवडणे नव्हे. १५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज जेज्वीत फादर स्टीफन्स यांनी परक्या भाषेवर असा जीव जडविला की, तिच्यात सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. आपल्या समाजात या ग्रंथाचे नाव आदराने घेतले जाते. वाचला मात्र क्वचितच जातो. अकरा हजार ओव्यांच्या धाकाने तो मिटून ठेवण्यापेक्षा रोज पाच-दहा ओव्या मोठ्याने वाचाव्यात. महिन्याभरात एक जरी ओवी मनात घोळू लागली, तर त्या ग्रंथाशी आपले नाते जुळले. तेवढे पुरे आहे.

आणि जी कविता रुचली नाही तिचे काय? १९४७ साली बा. सी. मर्ढेकरांच्या 'काही कविता' आल्या, तेव्हा त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. पुढे ते निर्दोष सुटले. ओवी-अभंगांच्या जुन्या घाटात यंत्रयुगातील माणसाची घुसमट ओतणारी ती कविता तरुणपणी आम्हांस खडबडीत वाटली. आम्ही ती फेकली नाही; कपाटात राहू दिली. नोकरीनिमित्त वीस वर्षे लोकलच्या गर्दीत उभे राहिल्यावर तिचा खडबडीतपणा आमच्याच दिवसांचा वाटू लागला. काही कविता अजूनही तशाच कपाटात आहेत. त्यांतल्या काही कदाचित कायमच्या परक्या राहतील. त्याची खंत नाही. न आवडणाऱ्या कवितेला खोटी दाद देण्यापेक्षा तिच्यापुढे प्रामाणिकपणे गप्प बसणे बरे.

आमच्यापाशी एक वही आहे. मनाला भिडलेली कविता आम्ही तीत उतरवितो आणि वर्षाने पुन्हा वाचतो. तेव्हाही ती ताजी वाटली तर तिच्यासमोर खूण करतो. इतक्या वर्षांत खुणा चाळीसही झालेल्या नाहीत, पण त्या चाळीसांनी आम्हांस अडचणीच्या वेळी एकटे पडू दिलेले नाही.

आज आपल्या अनेक घरांतील मुले इंग्रजी शाळांत जातात आणि मराठी कविता त्यांना गुणांपुरतीच भेटते. त्यांना आपल्या आवडीचे पाठ देऊ नयेत. रात्री जेवणे आटोपल्यावर घरात एक कविता मोठ्याने वाचावी, आणि कोणी "परत वाच" म्हणते का, एवढेच ऐकावे. म्हणाले तर ती कविता आणखी एका घरात जपली जाईल. न म्हणाले तर उद्या दुसरी वाचावी.