तुरट टिपणे

सियागंजच्या बाजारात ‘बाळहिरडा’ मागितला की दुकानदार थबकतो. ‘छोटी हरड’ म्हटलं की लगेच पुडी बांधतो. चार पिढ्या इंदुरात गेल्या, तरी घरात शब्द हिरडाच. वाटेतच एक तुकडा दाढेखाली धरला. आधी नुसतं लाकूड, मग जीभ आक्रसून कोरडी पडली. तुरटपणाला आपण चव म्हणतो खरं, पण त्यात स्पर्शाचा भाग मोठा आहे. हिरड्यातली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात आणि तोंडातला ओशटपणा जातो. ही टॅनिनं गॅलिक, एलॅजिक अशा फिनॉलिक आम्लांपासून बनलेली असतात. कातडं कमावतानाही ती प्रथिनांनाच धरतात, म्हणून ते कुजत नाही.

•

बाळहिरडा म्हणजे आठळी टणक होण्याआधीचं फळ. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबं तो वेचतात, वाळवतात, विकतात. त्या पैशावर वर्षाचे कितीतरी खर्च भागतात. औषधाच्या बाटलीवर हिरड्याचं नाव असतं, वेचणाऱ्या हातांचा उल्लेख कुठेच नसतो. मला ते खटकतं.

•

इंदूरहून दीडेकशे किलोमीटरवर, धार जिल्ह्यात, बाघ. तिथले कापडावर ठसे छापणारे खत्री मूळचे सिंधचे. मनावर गावाहून ते 1960च्या सुमारास बाघला आले, कारण छपाईला वाहतं पाणी हवं आणि बाघिनी नदी तिथे होती. इस्माईल सुलेमान खत्री यांनी ही छपाई पुन्हा उभी केली.

कापड आधी एरंडेल, खार आणि शेळीच्या लेंड्यांच्या पाण्यात मुरवतात. मग हिरड्याचं पाणी. कापड पिवळसर होतं, आणि पुढचं सगळं या पिवळेपणावर उभं असतं. सुती धाग्यात प्रथिन नाही, त्यामुळे धातूचे क्षार त्यावर नीट टिकत नाहीत. हिरड्याची आम्लं मध्ये पडतात. एका बाजूने धाग्याला चिकटतात, दुसऱ्या बाजूने धातूला धरतात. गंजलेल्या लोखंडाच्या खळीचा ठसा पडला की तिथे काळा उमटतो. तुरटीचा ठसा मात्र वाट पाहतो. भट्टीत अलिझरीन आणि धावड्याची फुलं (आपली धायटी) उकळतात, तेव्हा त्यावर लाल चढतो. हिरडा तुरट, तुरटीचं तर नावच तुरट. हे नाव ठेवणाऱ्याच्या जिभेला सलाम.

•

वांगं चिरून ठेवलं की काळवंडतं. त्यातलं क्लोरोजेनिक आम्ल हवेशी आणि वांग्यातल्याच एन्झाइमशी भेटतं. फोडी पाण्यात टाकल्या की हवेचा संपर्क तुटतो. लोखंडी विळीवर चिरलं तर डाग आणखी गडद. बाघचा काळा रंगही लोखंडाचाच, फक्त आम्ल वेगळं.

आवळ्याचंही तसंच. केसांना लावायची आवळकाठी बायका लोखंडी कढईत रात्रभर भिजवतात, ते उगाच नाही.

•

गॅलिक आम्ल 1786मध्ये स्वीडनच्या शीलेने माजूफळापासून वेगळं केलं. युरोपची शाई शतकानुशतकं माजूफळ आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची. पुढे 1840मध्ये छायाचित्रणाचे प्रयोग करणाऱ्या टॅलबटने चांदीच्या क्षाराबरोबर गॅलिक आम्ल वापरून कागदावरचं अदृश्य चित्र दृश्य केलं. लोखंडाला काळं करणारं आम्ल चांदीलाही काळं करतं, हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

•

याच फिनॉलिक कुळातल्या फेरुलिक आम्लाला नाव मिळालं ते फेरुला या झाडावरून, म्हणजे हिंगाच्या. 1866मध्ये ते हिंगातूनच वेगळं केलं होतं. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत मोडतं, तेव्हाही फेरुलिक आम्ल निघतं. म्हणजे आपल्या रोजच्या फोडणीत एकाच घराण्याची दोन माणसं शेजारी बसलेली. गव्हाच्या कोंड्यातही तेच आम्ल तंतूंना घट्ट बांधलेलं असतं. बाफल्याचं जाडसर पीठ मळताना आता त्याची आठवण होते.

•

सियागंजचे हिरडे कुटून भिजवले. जुन्या धोतराची चिंधी त्यात बुडवून दोरीवर टाकली आहे, फिकट पिवळी झाली. गंजके खिळे आणि गूळ माठात घालून ठेवले आहेत. ठसा उमटवायला अजून काही दिवस थांबावं लागेल.