पावसाळ्यातली पावलं

आषाढात आमच्या गास गावात फिरायला वाट उरत नाही. वाड्यांमधला रस्ता पाण्याखाली जातो, पायऱ्यांवर शेवाळ धरतं. 2018 च्या जुलैत तर जवळच्या नालासोपाऱ्याचे रूळच बुडाले आणि लोकल थांबल्या. पण सत्तरी ओलांडलेल्या आईच्या रक्तातली साखर पाऊस ओसरायची वाट बघत नाही. जेवणानंतर तिला चालायलाच हवं. म्हणून घडीचं, स्वस्तातलं ट्रेडमिल बघायला आम्ही दोघी निघालो.

दुकानात जो तो वेग सांगतो. ताशी दहा, ताशी बारा. मी विचारत होते, सगळ्यात हळू किती? आईचं पहिलं पाऊल चाचपत पडतं. ताशी एक किलोमीटरला पट्टा झटका न देता सुटतो का, यातच माझ्या लेखी मशीनचा कस. मोटरची ठळक अक्षरांत छापलेली ताकद बहुधा क्षणभराचीच असते. सलग किती अश्वशक्ती मिळते ते खोदून विचारावं लागतं. हळू चालणाऱ्याचं वजन पट्ट्यावर जास्त वेळ टेकतं, मोटर तापते ती तिथेच. 40 सेंटिमीटरचा पट्टा धावायला अपुरा, आईला पुरेसा. पलंगाखाली सरकणारी चपटी मशीनं मात्र मी नाकारली. त्यांना धरायला दांडाच नव्हता.

या यंत्राचा पूर्वज तुरुंगातला. 1818 च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम क्युबिटने पायऱ्यांचं चाक बसवलं आणि कैदी तासन्‌तास ते चढत राहिले. पुढे 1968 साली आलेलं केनेथ कूपर यांचं व्यायामावरचं पुस्तक वाचून विल्यम स्टॉब या अमेरिकन इंजिनियरने घरात परवडेल असं ट्रेडमिल बनवलं. शिक्षेचं साधन हृदयाच्या कामी आलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. पण त्या कैद्यांना मनात येईल तेव्हा थांबता येत नव्हतं. म्हणून मी आधी लाल क्लिप पाहिली. पदराला अडकवायची, दोरी ओढली की पट्टा थांबतो. आईने ती स्वतः ओढली, पुन्हा ओढून खात्री केली, तेव्हा कुठे तिचे आवळलेले खांदे सैल झाले.

लांब दांड्यांचं, कमी वेगाचं मशीन ठरलं. उघडीप असेल तेव्हा ती वाडीतूनच फिरणार. ओटीवरून हाक मारणारं माणूस मशीनवर भेटत नाही. आमची हवा खारी, बिजागऱ्या पुसत राहाव्या लागतील, पट्ट्याखाली सिलिकॉन तेल सोडावं लागेल. अर्थिंगचा सॉकेट तेवढा मिरगाआधी बसवून घ्यायचाय.