अकरा ते तीन

पाहुणे अकराला निघतात, पुढचे तीनला येतात. मधले चार तास घर माझं. मालक जर्मनीत, जुने पाहुणे विमानतळावर, नवे अजून हवेत, आणि मी लिस्बनच्या आल्फामात तिसऱ्या मजल्यावर गुडघे टेकून न्हाणीघराच्या जाळीतले केस काढते आहे. चादरी ओढायच्या, अभ्रे उलटे करून झटकायचे (एखादं कानातलं हमखास पडतं), टॉवेल मोजायचे, फ्रिजमधलं अर्धं लिंबू फेकायचं. इथे कोणी झोपलं, भांडलं, रात्री दोनला ऑम्लेट केलं, यातलं काही म्हणता काही तीन वाजता दिसता कामा नये. इथे आले तेव्हा वाटलं होतं, आपलं काम पाहुणचाराचं. पहिल्याच आठवड्यात कळलं, काम पुसण्याचं आहे.

बाकी सगळं कागदाचं. दारापाशी नोंदणीची पाटी, आत आग विझवायचं नळकांडं, प्रथमोपचाराची पेटी, तक्रारींची वही. परदेशी पाहुणा आला की तीन कामकाजाच्या दिवसांत सरकारला कळवायचं. माणशी दर रात्रीचा पर्यटन कर सप्टेंबर २०२४ मध्ये दोन युरोंवरून चार झाला, तोही समजावून सांगायचा. घराच्या माहितीपुस्तिकेत पोर्तुगीज, इंग्रजी आणि आणखी किमान दोन परक्या भाषा हव्यात, असा कायदा. मी फ्रेंच आणि स्पॅनिश घातल्या. मराठी घालायचा फार मोह झाला होता. पण ओला कचरा कुठे टाकावा हे मराठीत सांगून आजवर कोणी ऐकलंय?

मी वसईची. आमच्या घरी किल्ली नाही, चावी. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला, चावी मात्र त्यांचीच राहिली. त्यामुळे इथे उतरताना मनात थोडी घमेंड होती: चावी, बालदी, मेस्त्री, पाव, धंद्याला लागणारी अर्धी भाषा तर आजीच्या स्वयंपाकघरातच शिकलोय. ती घमेंड दोन दिवस टिकली. लिस्बनकर चावीला ‘शाव्’ म्हणतात, शेवटचा स्वर गिळून. ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणं. तो महिन्याच्या महिन्याला हातात पडत नाही, उलट आपल्याच खिशातून जातो. लॉन्ड्रीवालीला ‘इस्त्री’ म्हटलं तर ती नुसती बघत राहिली.

दुसऱ्याच आठवड्यात रात्री एकला फोन वाजला. रस्त्यावरचं दार उघडेना. मी धावत पायऱ्या चढून पोचले तर चार माणसं आणि सहा बॅगा दगडी गल्लीत उभ्या. चावी अर्धी फिरे आणि अडे. मी फिरवली, पाहुण्यांनी फिरवली, मोबाईलच्या उजेडात तिच्यावर फुंकर मारून झाली. तेवढ्यात दार आतून उघडलं. तळमजल्यावरची म्हातारी. ऐंशीच्या पुढची, झोपायच्या झग्यावर शाल. आता ती आम्हांला आत घेईल म्हणून मी पाऊल उचललं, तर ती बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि माझ्यापुढे हात पसरला. म्हणाली, “चाव्.”

स्वच्छ, वसईचा ‘च’.

ती मूळची ईशान्येकडच्या डोंगरातली, त्राझ-उज्-मोंतिशची. पूर्वी सगळेच पोर्तुगीज या शब्दात ‘च’ म्हणत. पुढे लिस्बनमध्ये त्याचा ‘श’ झाला. तिकडच्या खेड्यांत तो अजून तग धरून आहे, आणि आमच्याकडे. तिने कडी स्वतःकडे ओढली, दार किंचित वर उचललं, कंबर टेकवली आणि चावी फिरवली. मग दार पुन्हा लावलं आणि मला करायला लावलं. तीनदा. पाहुणे थंडीत उभे. तिसऱ्यांदा जमल्यावर ती बॅगांच्या चाकांवरून मला बोलली, ते सगळं समजलं नाही, पण समजलंच. दगडावरून ती चाकं कशी वाजतात हे मी स्वतःच्या खोलीत पडून ऐकलेलं आहे.

त्या जिन्यावर आठ दारं. माणसाचं नाव एकाच घंटीवर, तिच्या. बाकी सात दारांवर माझ्यासारख्यांच्या पाट्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये महापालिकेने आल्फामात पाहुण्यांच्या घरांच्या नव्या नोंदण्या थांबवल्या होत्या, तोवर या जिन्यातला शेजार संपलेला होता. तिला बाजाराची पिशवी आणून द्यायला, ताप आला तर कपाळाला हात लावायला कोणी नाही, त्यात माझा पगार आहे. मराठी अर्थाने.

बारा जूनच्या रात्री, संत आंतोनियोच्या सणाला, गल्लीत सार्डिन भाजल्याच्या धुरात तिने मला तिची मांजेरिकूची कुंडी दाखवली. तुळशीची धाकटी बहीणच, बारीक पानांची, चेंडूसारखी गोल. मी वाकून नाक नेलं तर माझ्या हातावर चापट बसली. थेट वास घेतला तर झाड सुकतं म्हणे. तळवा पानांवरून अलगद फिरवायचा आणि मग तो हुंगायचा.

महिनाअखेरीस ती गावी गेली. कुंडीला पाणी घालायला म्हणून चावी माझ्याकडे दिली. माझ्या जुडग्यात आता एक चावी अशी आहे जिच्यावर फ्लॅटचा नंबर नाही.

पहिल्या दिवशी वरचं आवरून साडेबाराला गेले. तिचंही दार कडी ओढून, उचलून उघडलं. पाणी घातलं, तळवा फिरवला. खुर्चीवर तिचा स्वेटर, नळापाशी उपडा कप, पलंगावर उशी आणि उशीत डोक्याचा खळगा. सवयीने माझे हात उशीकडे गेले, थोपटून ती फुलवायला. बोटं कापडाला लागली, आणि मी हात मागे घेतले.