शिल्लक तंतू

यांना भेटा. पाठीच्या कण्याला जबर मार बसला, मज्जारज्जू चेचला, मधला भाग विरून पोकळी झाली आणि त्या पडझडीत कडेला अंग चोरून जो वाचला, तो हा मज्जातंतू. मुक्काम बहुधा रज्जूच्या बाहेरच्या काठावर. मधोमध मिरवायची हौस नसल्याचा याला फायदाच झाला.

स्वभाव कमालीचा अबोल. डॉक्टर दोन्ही बाजूंना 28-28 ठिकाणी कापूस फिरवतात, टाचणी टोचतात, 10-10 स्नायूंची ताकद बघतात, शेवटी गुदद्वाराजवळची संवेदना आणि आकुंचनही तपासतात. हा गप्प! कागदावर ‘ए’ श्रेणी पडते : संपूर्ण इजा. डॉक्टरांचं चुकत नाही. या तपासणीला डोळ्यांना दिसणारी हालचाल आणि पेशंटच्या तोंडचं ‘हो, कळलं’ लागतं. याच्या अंगावरचं मायलिनचं आवरण गेलेलं, त्यामुळे निरोप वाटेतच रेंगाळतो, कधी विरतो.

याची कदर करणारा माणूस भेटला ह्यूस्टनला. मिलान दिमित्रिजेविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लुळ्या पायांच्या त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून स्नायूंतली वीज टिपली. 1992 साली त्यांनी आकडे मांडले : ज्यांचे पाय तपासणीत निश्चल होते अशा 88 जणांपैकी 74 जणांत मेंदूचा थोडाफार अंमल इजेच्या खालपर्यंत पोचत होता.

मानी तर इतका, की घरातल्या थोरल्या आत्याबाई बऱ्या. ‘पाय उचल’ असा हुकूम सोडला तर ढिम्म. पण पेशंटला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगा (हंगेरीच्या येंद्रासिक यांची ही एकोणिसाव्या शतकातली युक्ती), दीर्घ श्वास घ्यायला सांगा, नाहीतर स्नायूच्या कंडरेवर कंपन द्या. मग कधीकधी पडद्यावरच्या सपाट रेघेला बारीक काटे फुटतात.

याच्या नावावर खपणारे तोतयेही आहेत. इजेखालचा रज्जू मेंदूला न विचारता पाय उडवतो आणि घरचे त्या झटक्यांकडे आशेनं बघत राहतात. सांगितल्यावर सुरू, थांब म्हटल्यावर बंद, आणि तेही पुन्हा पुन्हा, असं झालं तरच ते काम याचं.

याचा सगळ्यात लोभस गुण वेगळाच. तळव्यावर ओरखडा काढला की पाय आपोआप आखडतो. पायाची काही जाणीव नसतानाही काहीजण मनानं ठरवून ते आखडणं कमी करू शकतात. चालवणं जमत नाही, पण आवरणं जमतं!

निरोप वरही जातात. सिडनीच्या संशोधकांनी 2018 मध्ये संपूर्ण इजा झालेल्यांच्या पायाचा अंगठा घासला. पेशंटना काही जाणवलं नाही, पण जवळजवळ निम्म्या जणांचा मेंदू एमआरआयमध्ये उजळला.

आणि सोबत मिळाली की हा खुलतो. लुईव्हिलला कमरेच्या भागातल्या मज्जारज्जूवर विद्युत उत्तेजक बसवलेल्या चौघांनी सांगितल्याबरहुकूम पाय हलवले. हे 2014 साली प्रसिद्ध झालं. चौघांपैकी दोघांना इजेखाली ना हालचाल होती ना संवेदना. उत्तेजक बंद केला की पाय पुन्हा स्तब्ध.

एवढ्यावरून कुणाला ‘तुम्ही चालाल’ असा शब्द देऊ नये. तो क्रूरपणा होईल. पण डॉक्टरहो, ‘ए’ श्रेणी लिहिल्यावर फाइल मिटू नका. जिथे सोय असेल तिथे एकदा इलेक्ट्रोड लावा, आणि याला बोलायला पुरेसा वेळ द्या.